चक्का, तिवरा आणि मेन्यूकार्डावरचा ग्रीस

हे वाचायला बसाल तेव्हा पोट रिकामं नसावं आणि तुडुंबही नसावं. उपाशीपोटी जेवणाचा विचार होत नाही, नुसती भूक बडबडते. आणि भरल्यापोटी माणूस सगळ्यांनाच माफ करून टाकतो. चारचा चहा झालेला आहे, रात्रीच्या स्वयंपाकाचं अजून ठरायचं आहे, अशी वेळ चांगली. भिलाईत असाल तर क्वार्टरच्या व्हरांड्यात बसा, नाहीतर कूलरसमोर. डोळे मिटायची गरज नाही. एक परिच्छेद वाचावा, थोडं थांबावं, मग पुढे सरकावं. काम फक्त आठवण्याचं आहे आणि त्याला घाई चालत नाही.

एक ताट आठवा. ज्यानं तुमची निराशा केली असं, आणि ज्याच्या नावात ‘ग्रीक’ हा शब्द होता असं. नेहरूनगरच्या एखाद्या कॅफेतलं असेल, रायपूरच्या मॉलमधलं असेल, मुलाकडे पुण्याला गेलात तेव्हाचं असेल. हॉटेलचं नाव मात्र मनात आणू नका. नाव आलं की मन लगेच तक्रार लिहायला बसतं आणि ताट बाजूला राहतं. आपल्याला ताटच हवं आहे. काय होतं त्यात? बर्फाच्या पाण्यातून काढलेली लेट्यूसची पानं. काकडीच्या चकत्या. आतून पांढरट असलेला टोमॅटो. फेटा म्हणून पनीरचे चौकोनी तुकडे. काळ्या ऑलिव्हची वेटोळी, चावली तर रबरी. वरून गोडसर पांढरं काहीतरी. शेजारी मैद्याचा गार पिटा आणि वाटीत हमस. (हमस ग्रीकांचं नव्हे, ते लेबनॉन-सीरिया-पॅलेस्टाइनकडचं. पण भूमध्य समुद्राच्या काठचं सगळं एकाच ताटात लोटायची आपल्याकडे रीत पडली आहे, म्हणून ते सोडून देऊ.)

ते ताट समोर राहू द्या आणि स्वतःला एकच विचारा: निराशा नेमकी कुठे झाली? जिभेवर, खिशात, की मानात?

जिभेवर म्हणाल तर तपासून पाहा. तुम्हाला त्या पदार्थाची खरी चव ठाऊक होती का? बहुतेकांना नसते. ठाऊक नसलेली चव चुकली असं जीभ म्हणू शकत नाही. ती फार तर ‘हे बेचव आहे’ एवढंच म्हणते. खिशात म्हणाल तर बिलाचा आकडा आठवतो का? मला वाटतं आठवत नसेल, ठोकळ मानानं ‘फार लावलं’ एवढंच आठवत असेल. उरला मान. त्या संध्याकाळी तुम्ही कुणाला तरी तिथे घेऊन गेला होतात. लग्नाचा वाढदिवस होता, किंवा मुलगी बंगळुरूहून आली होती आणि तिला ‘इथेही आता सगळं मिळतं’ असं दाखवायचं होतं. ताट आलं, तिनं एक घास घेतला आणि काही न बोलता पाण्याचा ग्लास उचलला. तिथे लागलं. पोलादाच्या गावात राहणाऱ्या माणसाला आपलं गाव मागासलेलं नाही हे मोठ्या शहरातून आलेल्याला सारखं सांगावंसं वाटतं, आणि सांगण्याचं काम त्या दिवशी एका सॅलडवर येऊन पडलं. बिचाऱ्या सॅलडकडून एवढं होणार नव्हतं.

या मानाच्या दुखण्याला नाव मिळालं की ते जरा हलकं होतं. मग पदार्थांकडे नीट बघता येतं. एकेक उचलू.

काळं ऑलिव्ह घ्या. डब्यातलं ते गुळगुळीत, एकसारखं काळं ऑलिव्ह झाडावर पिकून काळं झालेलं नसतं. कच्ची फळं कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात घालतात, त्यात हवा खेळवतात, त्यानं ती काळवंडतात, आणि रंग पक्का राहावा म्हणून फेरस ग्लुकोनेट, म्हणजे लोखंडाचा एक क्षार, घालतात. डब्यावरच्या बारीक अक्षरांत तो लिहिलेला सापडतो. दल्ली-राजहऱ्याच्या लोखंडाच्या खाणींवर जगणाऱ्या गावात परदेशी फळ लोखंडाचा रंग चढवून खाल्लं जातं, यात मला तरी गंमत वाटते. ग्रीसच्या दक्षिणेकडचं कालामाता ऑलिव्ह वेगळं. ते झाडावर जांभळं होऊ देतात आणि मिठाच्या पाण्यात सावकाश मुरवतात. त्याला खारट, किंचित कडू, फळासारखी चव असते. दोन्हींना आपण ऑलिव्हच म्हणतो.

आता सॅलड. ग्रीसमध्ये ज्याला गावाकडचं सॅलड म्हणतात त्यात पान नसतं. टोमॅटो, काकडी, कांदा, हिरवी ढोबळी मिरची, ऑलिव्ह, वर फेटाची एक अख्खी चीप, ओरेगॅनो आणि ऑलिव्हचं तेल. हे उन्हाळ्याचं खाणं, कारण तिथला टोमॅटो उन्हाळ्यात पिकतो. यात शिजवायचं काही नाही, म्हणून झाकायलाही काही नाही; टोमॅटो वाईट असेल तर सगळंच वाईट. तुम्ही ते सॅलड कुठल्या महिन्यात खाल्लं? मे-जून असेल तर गावाला दोष देऊ नका आणि आचाऱ्यालाही देऊ नका. आपल्याकडे त्या दिवसांत बाजारात येतो तो लांबून आलेला, जाड सालीचा, ट्रकमध्ये टिकण्यासाठीच घडवलेला टोमॅटो. आपल्या टोमॅटोचा हंगाम थंडीचा. दुर्ग जिल्ह्यातलं धमधा टोमॅटोसाठी प्रसिद्ध आहे. भाव कोसळला की तिथले शेतकरी माल रस्त्यावर ओततात, अशी बातमी अधूनमधून वाचतो आपण. जानेवारीत धमध्याचा टोमॅटो, वर मीठ आणि पातळ चिरलेला कांदा, एवढ्यावर ते ग्रीक सॅलड निम्मं झालंच समजा. त्यांचा जुलै आपल्याकडे जानेवारीत येतो. मेन्यूकार्ड मात्र बारा महिने तेच असतं.

फेटाचं थोडक्यात सांगतो. युरोपीय संघानं 2002 साली हे नाव ग्रीसपुरतं राखून ठेवलं, डेन्मार्क आणि जर्मनी त्यावर न्यायालयात भांडले आणि 2005 मध्ये हरले. मेंढीचं दूध, त्यात फार तर तीस टक्के बकरीचं, आणि मिठाच्या पाण्यात निदान दोन महिने मुरवणं, हे त्याचे नियम. पनीर सकाळी दूध फाडून दुपारी तयार होतं. पनीर वाईट नाही. त्याच्यावर मुरण्याचा आरोप मात्र करू नये.

मुसाकाही तुम्ही खाल्ला असेल, वांगी-बटाट्याच्या थरांचा, आणि म्हटलं असेल की हे काही खरं दिसत नाही. इथे जरा थांबू. मुसाक्यावरचा तो जाड पांढरा सॉसचा थर जुन्या ग्रीक घरांतला नव्हे. निकोलाओस त्सेलेमेंतेस (1878–1958) या व्हिएन्नात शिकून आलेल्या आचाऱ्यानं तो रूढ केला. ग्रीक स्वयंपाकातलं तुर्की वळण धुऊन काढून त्याला युरोपी पोशाख चढवायचा त्याचा बेत होता. त्याचं पुस्तक घरोघरी गेलं आणि फ्रेंच बेशामेल सॉस ग्रीकांचा ‘पारंपरिक’ होऊन बसला. म्हणजे भिलाईतल्या ताटात जे ‘खरं’ आपण शोधत होतो ते अथेन्समध्येही एका माणसाच्या हौसेतून आलेलं होतं.

आता नजर आपल्याकडे वळवा. हा भाग मराठी माणसाला थोडा बोचेल, म्हणून सावकाश घेऊ. भिलाईतल्या, रायपूरमधल्या, रायपूर-नागपूर हमरस्त्यावरच्या कुठल्याही ढाब्याचं मेन्यूकार्ड उघडा. ‘व्हेज कोल्हापुरी’ असेल. लाल तवंग, फ्लॉवर, गाजर, मटार, काजूची पेस्ट, कधी वर क्रीमचा फराटा. कोल्हापुरातल्या कुठल्या घरी हे शिजतं? तांबडा-पांढरा रस्सा, कांदा-लसूण मसाला, गुऱ्हाळ, दूध कट्टा, मिसळ, यांतल्या कशाशी त्या भाजीचं नातं आहे? फक्त एका समजुतीशी आहे: कोल्हापूर म्हणजे तिखट. एक गाव, त्याचा इतिहास, त्याच्या बायकांचे हात, हे सगळं गाळून एक विशेषण उरलं आणि ते फ्लॉवरला लावलं. आता एखादी ग्रीक बाई कल्पनेत आणा. ती तुमच्या शेजारच्या टेबलावर बसली आहे, तिच्यापुढे ‘ग्रीक सॅलड’ आहे आणि तुमच्यापुढे ‘व्हेज कोल्हापुरी’. तुमची नजरानजर होते. दोघांनाही हसू येतं.

त्या हसण्यात थोडा वेळ राहा. राग आला होता तो कुणाचा? ज्या आचाऱ्यानं ते केलं तो बहुतेक बस्तरकडचा, ओडिशाचा किंवा कुमाऊँचा मुलगा. त्यानं ऑलिव्हचं झाड पाहिलेलं नाही, तुम्हीही पाहिलेलं नाही. त्याला कुणी एक छापील कागद दिला, डबे दिले आणि सांगितलं, असं कर. त्यानं तसं केलं. फसवणूक म्हणावी एवढाही त्यात हेतू नव्हता.

मग एक साधा प्रश्न उरतो. याच गावात इडली चांगली का मिळते?

भिलाईत इंडियन कॉफी हाउसमध्ये गेला आहात. पांढरा गणवेश, तुऱ्याचा फेटा बांधलेले वाढपी, वाफाळता सांबार. ती इडली इथल्या मातीतली नाही, समुद्रापलीकडची नसली तरी शेकडो कोसांवरची आहे. 1957 मध्ये कॉफी बोर्ड आपली कॉफी हाउसं बंद करायला निघालं तेव्हा कामावरून निघालेल्या कामगारांनी ए. के. गोपालन यांच्या पुढाकारानं सहकारी सोसायट्या काढल्या. आपल्याकडची कॉफी हाउसं त्यांतल्या जबलपूरच्या सोसायटीची. त्याच सुमाराला भिलाई उभी राहत होती. 1955 च्या फेब्रुवारीत सोव्हिएत संघाशी करार झाला, 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली, आणि देशभरातून माणसं उतरत राहिली. मल्याळी आले, आंध्रातले आले, बंगाली, पंजाबी, ओडिया आले. नागपूर-वर्ध्याकडून आपलेही पुष्कळ आले, आणि दुर्ग-राजनांदगावात तर भोसल्यांच्या काळापासूनची मराठी घरं होतीच. इडली करणारा मल्याळी होता, आणि खाणाऱ्यांत रोज सकाळी तिची परीक्षा घेणारे त्याचेच गाववाले होते. सांबार पातळ झाला तर टेबलावरूनच आवाज यायचा. पदार्थाबरोबर त्याला रागावणारी माणसं आली की तो पदार्थ ताळ्यावर राहतो.

ग्रीक माणसं भिलाईत अशी आली नाहीत. रशियन आले, राहिले, त्यांची मुलं इथे खेळली, आणि बहुतेक सारे परत गेले. त्यांचं बोर्श्टही त्यांच्याबरोबर गेलं. एरवी भारतात ग्रीक आले नाहीत असं नाही. खिऑस बेटावरच्या रॅली कुटुंबानं 1851 मध्ये कलकत्त्यात पेढी काढली, पुढे रॅली ब्रदर्स वऱ्हाडच्या कापूस बाजारातलं बडं नाव झालं, आणि टाटांच्या रॅलीज इंडियामध्ये ते नाव आजही शिल्लक आहे. अथेन्सचा दिमित्रिओस गालानोस तर वाराणसीत चाळीस वर्षं राहिला, संस्कृत शिकला, गीतेचं ग्रीक भाषांतर केलं आणि 1833 मध्ये तिथेच वारला. पण व्यापाऱ्यानं कापूस नेला आणि पंडितानं पोथ्या वाचल्या. स्वयंपाकघर कुणी मांडलं नाही. मेलबर्नला किंवा न्यूयॉर्कच्या अस्टोरियात ग्रीक जेवण चांगलं मिळतं ते तिथे ग्रीक आज्या राहतात म्हणून. आपल्याकडे ग्रीस आला तो मेन्यूकार्डावरून. म्हणून ‘याहून चांगलं ग्रीक हॉटेल कुठलं’ हा शोध भिलाईत फार लांब जाणार नाही, आणि रायपूरपर्यंत गेला तरी फारसा फरक पडेल असं मला वाटत नाही.

शोधाची दिशा बदलून पाहू. ग्रीक माणूस हॉटेलात नसतो तेव्हा घरी काय खातो?

ऑर्थोडॉक्स चर्चचं कॅलेंडर पाळणारा ग्रीक वर्षातले जवळजवळ निम्मे दिवस उपास करतो. ईस्टरच्या आधीचे सहा-सात आठवडे, नाताळच्या आधीचे चाळीस दिवस, ऑगस्टचा पहिला पंधरवडा, आणि एरवीचे बुधवार-शुक्रवार. या उपासाला मांस नाही, अंडं नाही, दूध-लोणी-चीज नाही. (कोळंबी आणि माकूळ मात्र चालतं, कारण त्यांना रक्त नाही असं ते मानतात. आपल्या उपासाला साबुदाणा कसा चालतो हे ज्यांना विचारायचं असेल त्यांनी आधी याचा विचार करावा.) त्यामुळे तिथल्या घरांत निम्मं वर्ष डाळी, पालेभाज्या, वांगी, भेंडी, भात असं शिजत आलं. पालक-भात एकत्र मऊ शिजवून त्यावर लिंबू. मोठ्या पांढऱ्या घेवड्याची रस्सेदार उसळ. तेलात सावकाश मुरलेली भेंडी, तीही गरम नव्हे, कोमट खायची. हॉटेलच्या कार्डावर यातलं काही येत नाही, कारण हे घरचं आणि स्वस्त. तुमच्या निराशेचं हेही एक कारण असेल: ग्रीसनं सणासुदीला खाल्लेलं तुमच्यापुढे पनीर घालून आलं, आणि रोजचं आलंच नाही.

रोजचं आपल्याला करता येतं. पहिली गोष्ट दह्याची. ती या मननात हातानं करायची आहे, नुसती वाचायची नाही. रात्री म्हशीच्या दुधाचं दही लावा. सकाळी ते मलमलच्या फडक्यात बांधा. भिलाईच्या मे महिन्यात, पारा चव्वेचाळीसवर असताना, ते नळाला टांगून कामावर जाऊ नका, दुपारपर्यंत आंबट ढाण होईल. फ्रिजमध्ये चाळणीवर ठेवा, खाली पातेलं. चार-पाच तासांनी फडकं उघडा. जे दिसेल ते तुम्ही श्रीखंडासाठी आयुष्यभर करत आला आहात. दुकानात लहान डबीत ‘ग्रीक योगर्ट’ म्हणून चढ्या दरानं मिळतं ते हेच, म्हणजे चक्का. यात साखर न घालता किसून पिळलेली काकडी घाला, एक पाकळी लसूण मिठाबरोबर वाटून घाला, लिंबाचे दोन थेंब, आणि कुठलंही चांगलं कच्चं तेल चमचाभर. काकडी पिळायची मात्र विसरू नका. यालाच ग्रीक झाझिकी म्हणतात, आणि हॉटेलातलं झाझिकी पाणचट होतं ते बहुधा याच आळसामुळे.

खाताना पहिला घास नुसता घ्या, पोळीबरोबर नको. थंड, जाड, मग लसणाची चुणचुण, मग काकडीचा हिरवा वास. तुमची आजी याला कोशिंबीरच म्हणाली असती, फक्त ‘दाण्याचं कूट कुठे गेलं’ असं विचारलं असतं. विचारू द्या. कूट घालायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. मी घालत नाही, कारण त्यानं चक्क्याचा गुळगुळीतपणा मोडतो.

पुढचं पाऊल बाजारात. सुपेल्याचा रविवारचा बाजार, किंवा तुमच्या सेक्टरचा जवळचा कुठलाही. पिशवी घ्या, यादी नको. भाजीच्या पसऱ्यासमोर उभे राहा आणि काही विकत घेण्याआधी फक्त पाहा. लाल भाजी. चेंच. अमारी, म्हणजे आपली अंबाडी. चरोटा, म्हणजे पावसाळ्यातला आपला तरोटा, कुणी टाकळा म्हणतं. मुनग्याची पानं. उन्हाळ्याच्या तोंडाशी बोहार भाजी, भोकराच्या कळ्यांची, जी सोन्याच्या भावानं जाते आणि तरी संपते. छत्तीसगढात छत्तीस भाज्या, असं इथे कौतुकानं म्हणतात; मोजायला बसलात तर त्याहून जास्त निघतील. भाजीवाल्या बाईला ‘दाई, ये कइसे रांधथे?’ असं विचारा. ती सांगेल, आणि सांगताना तुम्ही किती अजाण आहात हेही तिच्या चेहऱ्यावर दिसेल.

ग्रीसमध्ये डोंगरउतारावरच्या रानभाज्या खुडून, उकडून, तेल-लिंबू घालून खातात. पाव आणि ऑलिव्ह असलं की झालं जेवण. त्यांना त्या भाज्यांची नावंही आज्यांनाच ठाऊक असतात, आपल्यासारखंच. एक दिवस अंबाडी किंवा चेंच फोडणीऐवजी अशी करून पाहा: उकडा, निथळू द्या, मीठ, लिंबू, कच्चं तेल. जवसाचं ताजं तेल मिळालं तर उत्तम, त्याची आपल्या विदर्भात जुनी सवय आहे. न आवडलं तर लसणाची फोडणी द्यायला कितीसा वेळ लागतो.

आणि आता त्या भाजीकडे या, जिच्यासाठी हा सगळा प्रवास मला करायचा होता. थंडीत पसऱ्यावर कोवळे, बारीक वेल-शेंडे दिसतात. तिवरा भाजी. झाडीपट्टीत, भंडारा-गोंदियाकडे, याच पिकाला लाख किंवा लाखोळी म्हणतात. धान अजून शेतात उभं असतं, कापणीला थोडे दिवस असतात, जमिनीत ओल असते. तेव्हा शेतकरी उभ्या धानातच तिवऱ्याचं बी फेकतो. नांगरट नाही, पाणी नाही, खत नाही. धान कापलं की खालून हिरवा तिवरा वर येतो. या पद्धतीला इथे आणि तिकडेही उतेरा म्हणतात. फेब्रुवारीत दुर्गहून राजनांदगावकडे रेल्वेनं जाताना खिडकीतून निळी-जांभळी बारीक फुलं दिसतात, ती याची.

सांतोरीनी बेटावर ‘फाव्हा’ नावाची एक पिवळी, मऊ, घोटलेली डाळ खातात. वर कच्चा कांदा, तेल, लिंबू. ज्वालामुखीच्या राखेत, जवळजवळ पावसाशिवाय वाढणारं पीक. त्याची शास्त्रीय प्रजाती लॅथिरस. आपल्या तिवऱ्याचीही लॅथिरस. जात वेगळी, तिकडची क्लायमेनम आणि इकडची सटायव्हस, पण सख्खी चुलत भावंडं. त्या बेटावरच्या अक्रोतिरी या गावावर साडेतीन हजार वर्षांपूर्वी ज्वालामुखीची राख पडली. 1967 पासून स्पिरिदोन मारिनातोस यांनी ते उकरायला घेतलं, तेव्हा घरांतल्या साठ्यांत याच डाळीचे दाणे सापडले. हा फाव्हा आता युरोपात संरक्षित नावानं, चांगल्या दरानं विकला जातो. मेन्यूकार्डावर खरा ग्रीस कधी आला नाही, आणि त्याचा चुलत भाऊ मात्र आपल्या शेताच्या बांधावर बसून आहे.

भावाचं सगळंच चांगलं नसतं, तेही इथे बसूनच पाहावं. तिवऱ्याच्या दाण्यात ओडॅप नावाचं द्रव्य असतं. दुष्काळात, दुसरं काही खायला नसताना, महिनोन्‌महिने हीच डाळ मुख्य अन्न झाली तर पाय कायमचे लुळे पडतात. रीवाकडे वेठबिगारांना मजुरी म्हणून हेच धान्य द्यायचे, आणि त्यांचे पाय गेले. 1961 मध्ये केंद्रानं विक्रीवर बंदी आणली, पण जिथे हे सर्वांत जास्त पिकतं तिथे ते पिकतच राहिलं. पुढे रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयानं ‘प्रतीक’ आणि ‘महातिवडा’ असे कमी विषाचे वाण काढले. ग्रीकांनाही हे ठाऊक होतं: हिप्पोक्रेटिसच्या नावावर असलेल्या ग्रंथांत ऐनोस गावच्या लोकांची नोंद आहे, सतत कडधान्यं खाऊन त्यांचे पाय अशक्त झाले अशी. डाळीत विष होतं खरं. पण माणसांचे पाय गेले ते ताटात दुसरं काहीच नव्हतं म्हणून. चवीच्या निराशेबद्दल आपण गेला तासभर बोलतो आहोत; या वाक्यापाशी जरा बसा आणि ती निराशा आता केवढी दिसते ते पाहा.

मग करायचं काय? तिवऱ्याची भाजी थंडीत एकदा-दोनदा आणा, छत्तीसगढी पद्धतीनं लसूण-मिरचीवर परता, भाताबरोबर खा. फाव्हा करायचा असेल तर तिवऱ्याची डाळ नको, पिवळ्या वाटाण्याची डाळ घ्या. ग्रीसबाहेरचे ग्रीकही तेच करतात. डाळ धुऊन, कांद्याचा एक तुकडा घालून, हळद न घालता, अगदी विरघळेपर्यंत शिजवा. रवीनं घोटा. गरम खाऊ नका, कोमट होऊ द्या. वर कांदा बारीक चिरून, लिंबू, मीठ, तेल. बाजूला तांदळाच्या पिठाची अंगाकर रोटी भाजली तर पिट्याची आठवणही येणार नाही.

आणि हॉटेलात जाणं बंद करायचं असं मी म्हणत नाही. वाढदिवस येतात, पाहुणे येतात, स्वयंपाकाचा कंटाळा येतो. पुढच्या वेळी कार्ड उघडण्याआधी वाढणाऱ्या मुलाला विचारा, ‘भैया, आज स्टाफ के लिए क्या बना है?’ तो आधी गोंधळेल. मग सांगेल: दाल-भात, आलू-गोभी, कधी टोमॅटोची चटणी. जमलं तर तेच मागा. बहुतेक ठिकाणी देत नाहीत, पण कधी कधी देतात, आणि दिलं तर ते त्या किचनमधलं सर्वांत लक्ष देऊन केलेलं जेवण असतं, कारण आचाऱ्याला ते स्वतः खायचं असतं. नाही दिलं तर जे सर्वांत जास्त खपतं ते मागवा. रोज पन्नासदा केल्यानं हात बसलेला असतो. मुलीला ग्रीक सॅलडच हवं असेल तर जानेवारीपर्यंत थांबायला सांगा, आणि पनीर वेगळ्या वाटीत आणायला.